डिलाइटचं फूल

१

केसांच्या तोरणातून डिलाइट नाहीशी झाली, ती नेमकी केझाया थ्रॉलच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सकाळी. तशी तिची धाकटी सून डिलाइट जाऊन चार वर्षं झाली होती, चर्चमागच्या टेकडीवरचा तिचा दगडही आता जरा कलला होता. पण थ्रॉलांच्या घरात माणूस मेलं म्हणून सुटत नसे. त्याच्या केसांचं फूल करून ते बैठकीच्या खोलीत, काचेच्या पेटीत, तारेवर गुंफून ठेवत.

केझाया लग्न होऊन ओहायोतल्या या शेतावर आली, तेव्हापासून ते तोरण वाढत होतं. आकार घोड्याच्या नालाचा, तोंड वर. एका टोकाला तिच्या आईचे पिकलेले केस, मग नवऱ्याचे, मग पाळण्यातच गेलेल्या दोन लेकरांच्या जावळाच्या कळ्या. बायबलच्या पहिल्या पानावर नुसती नावं होती. कोण कशाने गेलं, कोण भावाशी भांडून पश्चिमेला निघून गेलं आणि मागे फक्त एक बट ठेवून गेलं, हे सगळं केझाया या तोरणावर बोट ठेवून सांगायची. घरात आलेल्या सुनेचं फूल त्यात बसलं की ती थ्रॉल झाली. तोवर ती नुसती कुणाची तरी बायको.

ऑर्फा अजून नुसती धाकट्या मुलाची, आल्मनची, बायको होती, आणि तीही डिलाइटनंतरची, दुसरी. आज जेवणानंतर सगळ्यांसमोर तिचं फूल तोरणात बसायचं होतं. त्यासाठी ती लग्नापासून थांबली होती.

सकाळी ती स्वयंपाकघरात बकव्हीटच्या पिठाच्या धिरड्यांना लागली होती. थोरली जाऊ लविना बैठकीच्या खोलीतली धूळ झटकायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, डिलाइट नाहीये."

सगळे तिकडे गेले. पेटी भिंतीवरच होती, काच शाबूत होती. पण आल्मनच्या फुलाशेजारी जिथे डिलाइटचं तपकिरी फूल असायचं, तिथे उघडी तार दिसत होती. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त ऑर्फाकडे पाहिलं.

त्यालाही कारण होतं. चारच दिवसांपूर्वी सफरचंदं सोलताना लविनाने डिलाइटच्या हातच्या ॲपल-पायची तारीफ चालवली होती, आणि ऑर्फा भरल्या स्वयंपाकघरात बोलून गेली होती, "त्या फुलाला एकदाची कसर लागेल तर बरं."

केझाया काठी टेकत खुर्चीत बसली. "ज्याने घेतलंय त्याने जेवणाआधी आणून ठेवावं," ती म्हणाली. "नाहीतर मी या पेटीला खिळे ठोकते. मग तिच्यात कुणाचंच फूल बसायचं नाही."

आल्मनने रिकाम्या तारेकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि कोठाराकडे निघून गेला. तो चार शब्द रागाने बोलला असता तर ऑर्फाला बरं वाटलं असतं.

२

खरं सांगायचं तर ऑर्फाच्या पोटात डिलाइटबद्दल जळत होतंच. चूल डिलाइटची, लोणी घुसळायचा डेरा डिलाइटचा, कोंबड्यादेखील डिलाइटने पाळलेल्यांच्या पिल्लांची पिल्लं. आणि वर लग्नाच्या दिवशीच कुणीतरी कुजबुजलं होतं, "आल्मनने केस बघून बायको केली. हुबेहूब डिलाइटचे केस." तेव्हापासून गावात ते गृहीतच धरलं गेलं होतं. ऑर्फा रोज सकाळी अंबाडा घालायची तेव्हा आपण दुसऱ्या बाईचं काहीतरी डोक्यावर वागवतोय असं तिला वाटे. अंबाडा ती मुद्दाम डावीकडे खाली बांधायची. लहानपणी गाईची लाथ बसली होती तिथे, कानामागे, पांढऱ्या केसांचा एक पट्टा आला होता. तेवढा एक पट्टाच काय तो तिचा स्वतःचा.

सगळ्यात वाईट म्हणजे रविवारची दुपार. बैठकीची खोली त्या दिवशी उघडायची. आल्मन पेटीसमोरच्या खुर्चीत बसून त्या फुलाकडे बघत राहायचा. ऑर्फा मोजे रफू करता करता त्याला बघायची. एकदा, सगळे चर्चला गेले असताना, तिने पेटीवर हातही ठेवला होता. पण उघडली नव्हती. आणि जवळून, नीट, त्या फुलाकडे तिने कधी पाहिलंही नव्हतं. कशाला बघायचं?

आता तिने पेटी भिंतीवरून उतरवली आणि पालथी केली. मागच्या फळीचे खिळे काढून पुन्हा त्याच भोकांत बसवले होते. फुलाची तार कापलेली नव्हती, उलगडली होती, एकेक पीळ सोडवून. शेजारच्या आल्मनच्या फुलाची एक पाकळीही हललेली नव्हती.

ऑर्फा जमिनीवर बसून विचार करू लागली. मी चोरलं असतं तर ओरबाडलं असतं, तिच्या मनात आलं. दोन्ही हातांनी. मग चुलीत. जळणाऱ्या बाईला पीळ सोडवत बसायचा धीर कुठला? हे काम केसकामाची सवय असलेल्या हातांचं होतं. घरात असे हात दोघींचे: सासूबाईंचे, पण त्यांच्या डोळ्यांवर पडदा आलेला, आणि अविवाहित नणंद इलेक्टाचे.

पण इलेक्टाचा डिलाइटवर बहिणीपेक्षा जास्त जीव. ती डिलाइटला तोरणातून का काढेल? आणि ऑर्फाला खाली बघायला लावायचं असतं तर ऑर्फाचंच नवं फूल जाळणं किती सोपं होतं. ते तर इलेक्टाच्याच टेबलावर होतं.

तेवढ्यात दारात लविना उभी राहिली. हातात ॲपल-पायची थाळी, ओठांवर हसू. "पुरावा पुसतेस होय गं?"

३

"जाऊबाई, पुसायचा असता तर दार लावून पुसला असता," ऑर्फा म्हणाली. "या आत. मला एक सांगा. हे फूल गेलं याचं सगळ्यात कमी वाईट तुम्हाला वाटलेलं दिसतंय."

लविनाने थाळी खाली ठेवली. ती मनात काही ठेवणारी बाई नव्हती, ठेवायला जागाच नव्हती. "मला का वाईट वाटावं? मी या घरची थोरली सून. माझं फूल कुठे, तर पार कडेला, त्या पळून गेलेल्या चुलतसासऱ्याच्या शेजारी. आणि डिलाइट मधोमध. तेही धड जमलेलं नव्हतं ते फूल."

"धड नव्हतं म्हणजे?"

"अगं, पाकळ्यांतून केस बाहेर आलेले. बाकीची फुलं बघ कशी गुळगुळीत आहेत. आणि मध्येच पांढरे धागे. सव्विसाव्या वर्षी पांढरे केस! तापाने झाले म्हणे. मी म्हटलंही आईंना, जरा नीट करा, तर माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत."

डिलाइटला विषमज्वर झाला तेव्हा शेजारच्या शेतावरची पोर म्हणून तिची सेवा करायला ऑर्फाच आली होती. रात्रंदिवस त्याच खोलीत राहिली होती. तापात केस काढावे लागतात, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून पहिल्याच आठवड्यात तिनेच कात्री चालवली होती. वेणी अख्खी उतरवून तिने दाराबाहेर उभ्या असलेल्या आल्मनच्या हातात दिली होती, जाळायला. त्या वेणीत पांढरा केस एकही नव्हता.

मग हे फूल आलं कुठून?

इतकी वर्षं हा साधा प्रश्न आपल्याला पडला नाही, याची तिला लाज वाटली. जळता जळता विचार करायचा राहूनच गेला होता.

केझाया आपल्या खोलीत, खिडकीशी, पांघरूण गुडघ्यांवर घेऊन बसली होती. ऑर्फा तिच्या पायाशी स्टुलावर बसली.

"आई, कबूल करायला नाही आले. विचारायला आलेय. डिलाइटचं फूल तुम्ही कशाचं केलंत?"

म्हातारीने गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला तिच्या खोलीत जाऊ दिलं नाही कुणी. लागण होईल म्हणून. तुला ठाऊकच आहे, तूच दार लावून घ्यायचीस. ती गेल्यावर कळलं की केस जाळून टाकले. तिचं फूल करायचं तर राहूनच गेलं होतं, आणि आता पोरीची एक बटसुद्धा नाही! मग तिची खोली धुवायला काढली तेव्हा आरशापुढे ती चिनीमातीची डबी दिसली, विंचरलेले केस टाकायची. त्यात गुंतवळ होतं. केवढा आनंद झाला मला."

"डबीत?"

"गुंतवळाचं फूल करणं म्हणजे शिक्षा. कापलेल्या केसांची मुळं एकीकडे, टोकं एकीकडे असतात. यांची सरमिसळ. सगळा हिवाळा सोडवत बसले मी. रंग जरा वेगळा वाटला, पण म्हटलं सोड्याच्या पाण्यात उकळल्यावर उतरतोच थोडा. आणि डोळ्यांना तेव्हाही नीट कुठे दिसत होतं."

त्या खोलीतल्या डबीत, त्या आजारपणात, रोज सकाळी केस कोण टाकत होतं ते तिला चांगलं आठवत होतं. डिलाइटच्या डोक्यावर तर विंचरायला केसच नव्हते. आणि केस कापले त्याच दिवशी डबी तिने स्वतःच्या हाताने धुऊन पुसून ठेवली होती.

४

इलेक्टा माडीवरच्या आपल्या टेबलापाशी पाठमोरी बसली होती. टेबलावर तारेची गुंडाळी, बारीक चिमटा, विणायची सुई, आणि रुमालाखाली झाकलेलं काहीतरी.

"इलेक्टाताई, माझं फूल बघू."

"दुपारी बघशील सगळ्यांबरोबर. जर बसवलं तर."

"गुरुवारी तुम्ही माझे केस उकळायला घेतलेत. तोवर तुम्ही बोलत होतात माझ्याशी. फारसं गोड नाही, पण बोलत होतात. गुरुवारपासून तोंड उघडलं नाहीत." ऑर्फाने अंबाड्यातल्या पिना काढल्या. केस सुटले, आणि डावीकडचा पांढरा पट्टा खांद्यावर आला. "हे पांढरे केस तुम्हाला माझ्या फुलात पहिल्यांदा दिसले ना? एरवी मी ते कुणाला दिसू देत नाही."

इलेक्टाने मान वळवली नाही. तिने नुसता रुमाल उचलला. खाली दोन फुलं होती. एक नवं, गुळगुळीत. एक जुनं, केस बाहेर आलेलं. दोन्हींत तोच साधा तपकिरी रंग, आणि दोन्हींत पांढरे धागे.

"तू दोनदा," इलेक्टा म्हणाली, "आणि ती एकदाही नाही."

खाली कुणीतरी भांडी मांडत होतं. इलेक्टाचा आवाज अगदी सपाट होता.

"आल्मनने तिला आणली, पण ती माझी होती. आल्मन काय, दिवसाला दहा शब्द बोलणारा. ती माझ्याशी बोलायची. ती गेल्यावर मी या फुलाशी बोलले, ऑर्फा. चार वर्षं. आणि ते तुझे केस होते! तिची खोली, तिचा नवरा, तिची चूल तुझी झाली, तेवढं मी गिळलं. हे नाही गिळता येत."

"मला सांगायचं होतंत."

"आईला काय सांगू? तिने सगळा हिवाळा रडत ते केलं. सांगितलं तर ती खचेल, आणि नाही सांगितलं तर डिलाइट म्हणून तू तिथे बसणार. मला एवढंच सुचलं, ते काढावं. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं तेव्हा..." ती थांबली. "तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू."

ऑर्फाला तिची कीव यायला हवी होती, आणि थोडी आलीही. पण त्याहून जास्त तिला ओळख पटल्यासारखं वाटलं. एकाच घरात, एकाच फुलाकडे बघून, दोघी जणी इतकी वर्षं जळत होत्या, आणि दोघींनाही फूल कुणाचं ते माहीत नव्हतं.

"आईला सांगू नकोस," इलेक्टा म्हणाली. "मी म्हणेन मी चुकून मोडलं. तुझ्यावरचा आळ जाईल."

खाली जेवणाची घंटा वाजली. ऑर्फाने जुनं फूल उचलून तळहातावर घेतलं.

५

ऑर्फा काही संत नव्हती. मोडलं म्हणून सांगितलं असतं तर आळ गेला असता, पण डिलाइट राहिलीच असती, आणि ऑर्फा तिच्यासारखे केस असलेली बाई म्हणूनच म्हातारी झाली असती. ते तिला नको होतं. बैठकीच्या खोलीत सगळे जमले, आल्मनही कोठारातून येऊन दाराशी उभा राहिला, तेव्हा ती मोकळ्या केसांनीच आत गेली. लविनाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आई, फूल इलेक्टाताईंनी काढलं, पण चोरलं नाही," ऑर्फा म्हणाली. "ते चुकीच्या जागी होतं म्हणून काढलं. डिलाइटचे केस मी पहिल्याच आठवड्यात कापले होते. त्यानंतर त्या डबीत जे गुंतवळ पडलं ते माझं. पांढरे धागे तापाचे नाहीत, गाईच्या लाथेचे आहेत. हे बघा." तिने फूल केझायाच्या हातात दिलं आणि खाली वाकून आपला पांढरा पट्टा दुसऱ्या हातात दिला.

म्हातारी डोळ्यांनी नाही, बोटांनी बघत होती. एकदा फूल चाचपलं, एकदा केस. पुन्हा फूल.

"म्हणजे तुला मी केव्हाच घरात घेतलं होतं," ती शेवटी म्हणाली. "रडत रडत." मग तिचा हात खाली आला. "आणि माझी डिलाइट? तिचं काहीच नाही?"

इलेक्टा भिंतीकडे तोंड करून उभी होती. आल्मन दारातून बाहेर गेला, आणि तो नेहमीसारखा पळ काढतोय असंच सगळ्यांना वाटलं. पण तो परत आला. त्याच्या हातात पिठाच्या पोत्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्यावर ओटचा भुसा चिकटलेला. त्याने ते आईच्या मांडीवर ठेवून उलगडलं.

हातभर लांब वेणी. खिडकीतल्या उन्हात तिचा रंग चक्क तांबूस दिसत होता.

"अगं बाई," लविना म्हणाली. "तांबूस होते की तिचे केस. मी कशी विसरले?"

सगळेच विसरले होते. चार वर्षं भिंतीवर ते तपकिरी फूल बघून बघून डिलाइटचे केस तसेच होते, असं प्रत्येकाला पक्कं आठवू लागलं होतं. जिने ती वेणी कापली होती तिलासुद्धा. त्या खोलीत पडदे लावलेले, केस घामाने काळवंडलेले, आणि नंतर गाव म्हणालं सारखे, म्हणजे सारखे. ऑर्फाने आपली एक बट वेणीशेजारी धरली. सारखं काही नव्हतं. केस बघून तिला कुणी केली नव्हती.

तेवढ्यावर तिला आनंद व्हायला हरकत नव्हती. पण वेणी तर तिथेच होती. चार वर्षं कोठारात, ओटच्या धान्याच्या कोठीमागे जपलेली.

"तुला जाळायला दिली होती मी," ती आल्मनला म्हणाली.

"नाही जाळवली."

"म्हणजे हे फूल तिचं नाही हे तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो. सांगितलं असतं तर वेणीचंही सांगावं लागलं असतं."

"आणि कुणाचं आहे ते?"

आल्मनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "ते आपलं लग्न झाल्यावर कळलं. पहिल्यांदा तुझा अंबाडा सुटलेला पाहिला तेव्हा."

ऑर्फाला त्या सगळ्या रविवारच्या दुपारी आठवल्या. ती खुर्ची, ते मोजे. "मग तिथे बसून बघायचास ते..."

"तुझंच होतं ना ते," आल्मन म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. दिवसाचे दहा शब्द त्याचे केव्हाच संपले होते.

इतकी वर्षं ऑर्फा स्वतःवरच जळत बसली होती, हे पचवायला वेळ लागणार होता. पण ती वेणी डिलाइटचीच होती. तिच्यावर मात्र अजून जळता येत होतं, आणि ते तिला कळत होतं.

केझायाने वेणीचं टोक इलेक्टाकडे केलं. "एक बट काप. सोड्याचं पाणी ठेव. माझ्या डोळ्यांच्या भरवशावर आता नको, हे फूल तूच कर. आणि आल्मनशेजारी ऑर्फाचं जुनं होतं तिथेच राहू दे. डिलाइट तुझ्याजवळ बसेल." इलेक्टाने आईकडे पाहिलं, मग खाली बसून त्या मांडीवर, वेणीवर, कपाळ टेकलं. लविना ॲपल-पाय कापायला निघून गेली. आपल्या फुलाची जागा आता तरी बदला, असं तिला म्हणायचं होतं, पण वेळ बरी नव्हती हे तिलाही कळलं.

बट कापून झाली. उरलेली वेणी फडक्यावर पडून होती. इलेक्टाचा हात तिच्याकडे गेला, आणि त्याच वेळी आल्मनचाही.

ऑर्फाने दोघांच्या आधी ती उचलली. भुसा झटकला, नीट घडी घातली, फडक्यात बांधली.

"ही माझ्या कपड्यांच्या पेटीत राहील," ती म्हणाली. "किल्ली माझ्या गळ्यात असते. कुणाला बघावीशी वाटली तर माझ्याकडे मागायची."